दुकान फोडणारी पोरं १५-१६ वर्षांची निघाली, मिटवून घेऊ की बाल न्याय मंडळात जाऊ दे?

मोबाईल_दुकानदार:
नमस्कार मंडळी, लांबलचक होईल पण वाचा. तालुक्याच्या गावी माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, १२ वर्षं झाली. गेल्या महिन्यात रात्री शटरचं कुलूप तोडून गल्ल्यातले ४२०० रुपये, चार्जर, इअरफोन आणि गिऱ्हाइकांचे दुरुस्तीला आलेले ५ फोन नेले. समोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यावरून पोलिसांनी चार दिवसात पकडले, तिघं आहेत, एक १५ चा आणि दोघं १६ चे. त्यातला एक शाळा सुटली की माझ्या काउंटरला टेकून उभा राहायचा, मला काका म्हणायचा, मी त्याला दोनदा फुकट स्क्रीनगार्ड लावून दिलंय.

पैशाचं मला फार नाही, ते येतील जातील. पण त्या पाच फोनमधला एक आमच्याच गल्लीतल्या काकूंचा होता, त्यांचे मिस्टर २०२१ ला कोविडमध्ये गेले आणि हॉस्पिटलमधून त्यांनी पाठवलेले व्हॉइस मेसेज सगळे त्या फोनमध्येच होते. पोलीस स्टेशनला ओळखायला गेलो तर फोन होता पण रिसेट मारलेला, कोरा. बॅकअप वगैरे काही नाही. काकू मला एक शब्द वाकडं बोलल्या नाहीत, फोनकडे बघितलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. मला तेव्हापासून नीट झोप नाही, कारण फोन माझ्या भरवशावर ठेवला होता त्यांनी.

आता घरी रोज कोणीतरी येतंय. तंटामुक्तीचे अध्यक्ष आले, दोघांचे वडील आले (एक गवंडी, एक कारखान्याच्या ट्रॅक्टरवर), ते नुसते हात जोडून उभे. तिसऱ्याचे वडील जरा पैशेवाले, ते म्हणतात ३० हजार घ्या आणि तक्रार मागं घ्या, विषय संपवा. भाऊ म्हणतो आत टाका सगळ्यांना. बायको म्हणते पोरांच्या आयुष्याला डाग लागेल. पोलीस म्हणतात लहान आहेत, काही होत नसतं त्यांना. मग नक्की होतं काय? मला तिथं काही बोलता येतं का? आणि पैसे घेतले तर मिटतं का खरंच?

ॲड_जिल्हाकोर्ट:
दादा आधी कायद्याचं सांगतो. २०१५ चा बाल न्याय कायदा लागतो, १५ जानेवारी २०१६ पासून आहे, १८ च्या आतल्या कोणालाही. त्यात गुन्ह्याचे तीन थर आहेत, क्षुल्लक म्हणजे कमाल शिक्षा ३ वर्षांपर्यंत, मग गंभीर, आणि सगळ्यात वरचा म्हणजे अतिगंभीर, ज्याला आम्ही हीनस म्हणतो, तिथं किमान शिक्षाच ७ वर्षं किंवा जास्त असावी लागते. रात्री कुलूप तोडून चोरी म्हणजे बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता, आयपीसीच्या जागी आलेली) कलम ३३१, त्यात कमाल १४ वर्षं लिहिलंय ते वाचून लोक घाबरतात पण किमान काहीच नाही, आणि जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने शिल्पा मित्तल केसमध्ये सांगितलं की असे गुन्हे मधल्या थरात धरायचे, पुढे २०२१ च्या दुरुस्तीत ते कायद्यातच आलं. म्हणजे या पोरांना मोठ्यांसारखं चालवा हा प्रश्न इथे येतच नाही, तो फक्त १६ च्या वरच्या आणि हीनस गुन्ह्याला.

तंटामुक्तीचं म्हणाल तर ती मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, बांधाची आणि भाऊबंदकीची भांडणं तिथं चांगली मिटतात, पण फौजदारीत जिथं कायदा तडजोड करू देतो तेवढंच. घरफोडी त्यात बसत नाही. तुम्ही ३० हजार घेऊन कागदावर सही केली तरी मंडळातली चौकशी आपोआप बंद होत नाही, उलट पैसे घेऊन जबाब फिरवला असं तुमच्यावरच येईल. तो कागद करू नका.

बाकी वहिनींना सांगा, डाग राहत नाही. कलम २४ आहे, मुलाला दोषी ठरल्यामुळे पुढे कुठली अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत संपली की ठराविक काळाने रेकॉर्ड नष्ट करायचं असतं.

पुणेकर_बाप:
माझं मत कोणाला आवडणार नाही पण मनापासून सांगतो. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला पोर्शने दोन २४ वर्षांच्या पोरांना उडवलं, आणि काही तासात १७ वर्षांच्या मुलाला जामीन, अट काय तर अपघातावर ३०० शब्दांचा निबंध. माझी मुलगी त्याच रस्त्याने कामावरून येते. त्या दिवसापासून माझा या मंडळांवरचा विश्वास उडालाय. समजावून सांगणं, समुपदेशन, समाजसेवा हे सगळं ऐकायला बरं वाटतं, ज्याचं माणूस गेलं त्याला काय मिळालं? दुकानदार दादा तुम्ही पण उद्या निबंधावर घरी याल.

माजी_सदस्य_ताई:
मी विदर्भातल्या एका जिल्ह्यात तीन वर्षं बाल न्याय मंडळावर सामाजिक सदस्य होते. मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक सदस्य, त्यातली एक तरी बाई असलीच पाहिजे. आरोपीचा पिंजरा नसतो, पोलिसांनी साध्या कपड्यात यायचं, बेड्या घालायच्या नाहीत, पोराला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही.

पुणेकर भाऊ, तुमचा राग मला समजतो, मलाही त्या रात्री झोप लागली नव्हती. पण तो निबंध जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती. त्यासोबत १५ दिवस ट्रॅफिक पोलिसांबरोबर काम आणि समुपदेशन पण होतं, तरी दोन माणसं गेलेल्या प्रकरणात पहिल्याच दिवशी ते इतकं हलकं दिसलं की लोक भडकणारच. त्यात पुढे रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप आला, आईवडिलांना अटक झाली. माझ्या मते खरा विषय तिथं आहे. आईबाप पोराला परिणामापासून विकत सोडवायला निघाले की कुठलंच मंडळ काही करू शकत नाही. आणि दुकानदार दादा, तुमच्याकडे ३० हजार घेऊन आलेले वडील हेच करतायत, लहान प्रमाणात. त्या पोराला काय कळणार यातनं? की बाबांच्या खिशात पैसे होते म्हणून मी सुटलो, आणि गवंड्याचा पोरगा नाही सुटला. तिघांनी मिळून केलंय ना.

आता मंडळात काय होतं ते. सगळं परिविक्षा म्हणजे प्रोबेशन अधिकाऱ्यावर असतं, त्याने घरी, शाळेत, शेजारी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल करायचा असतो, १५ दिवसात. खरं सांगायचं तर आमच्याकडे एक अधिकारी आणि फायलींचा डोंगर, त्यामुळे पुष्कळ अहवालात 'वडील मोलमजुरी करतात, मित्रांची संगत वाईट' एवढंच यायचं, नाव बदला की पुढच्या पोराला तोच अहवाल चालेल. चांगला अधिकारी असला तर फरक दिसतो. आमच्याकडे एक होते ते पोराच्या घरी जेवायच्या वेळेला मुद्दाम जायचे, ताटात काय आहे आणि कोण कोणाशी बोलत नाही हे बघायला.

चौकशीत मुलाने गुन्हा केल्याचं दिसलं तर कलम १८ खाली बरेच पर्याय आहेत, समज देऊन घरी पाठवणं, गटात समुपदेशन, समाजसेवा, दंड (तो आईवडिलांना पण लावता येतो), पालकांच्या हमीवर परिविक्षा, आणि शेवटचा विशेष गृह म्हणजे सुधारगृहात ठेवणं, जास्तीत जास्त ३ वर्षं. त्याला जोडून शाळेत जा, अमुक ठिकाणी फिरकायचं नाही, व्यसनमुक्तीला जा असंही घालता येतं. समाजसेवा १४ च्या वरच्यांनाच, बाग राखणं, म्हाताऱ्यांची सेवा, दवाखान्यात मदत, ट्रॅफिकला उभं राहणं असं नियमातच लिहिलंय. मोठ्या माणसांना ही समाजसेवेची शिक्षा जुलै २०२४ पासून बीएनएसमध्ये आली, पोरांसाठी ती २००० च्या कायद्यापासून आहे.

आमच्याकडून चुका पण झाल्या. एकदा दोन पोरांना बाजारपेठेतल्या सरकारी कचेरीचं आवार झाडायला लावलं, आठवड्याच्या बाजारादिवशी. सगळ्या वर्गाने बघितलं, एकाने शाळाच सोडली. ती ऑर्डर माझ्या सहीची आहे. काम असं पाहिजे की पोराला कोणाच्या तरी उपयोगी पडलो असं वाटेल. लोक बघून हसतील असलं नको.

तुम्हाला बोलता येतं का विचारलंत. कायद्यात फिर्यादीला फार जागा ठेवलेली नाही, ही त्यातली मोठी उणीव आहे असं मला वाटतं, सगळं पोराभोवती आणि ज्याचं नुकसान झालं तो साक्षीदार. पण अर्ज करा. साध्या कागदावर मंडळाला लिहा की मला माझं म्हणणं मांडायचंय आणि मुलांची, पालकांची तयारी असेल तर समोरासमोर बसायला मी तयार आहे. परिविक्षा अधिकाऱ्याला भेटून द्या. समुपदेशनाच्या कलमात हे बसवता येतं, आम्ही चार-पाच वेळा केलं. दोन गोष्टी सांभाळा. पोराने स्वतः कबूल केल्याशिवाय भेट नको आणि तिथं बोललेलं पुरावा म्हणून वापरायचं नाही, नाहीतर वकील त्याला तोंडच उघडू देणार नाही आणि ते बरोबरच आहे. दुसरं म्हणजे माफी मागायला लावू नका. लावलेली माफी लगेच ओळखू येते.

आणि कृपा करून इथं गावाचं नाव टाकू नका. कलम ७४ आहे, पोरांची ओळख उघड केली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मोबाईल_दुकानदार:
ताई खूप आभार. तुमचं वाचून ३० हजारवाल्यांना आज नाही म्हणून सांगितलं. चिडले ते. एक विचारतो, समोर बसून मी बोलायचं काय? मला बोलता येत नाही हो असं, राग आला तर शिव्याच येतील तोंडात.

एसी_मेकॅनिक_नाशिक:
दादा मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. इथं कोणी ओळखत नाही म्हणून लिहितोय. २००९ ला मी १६ चा होतो, क्रिकेटच्या भांडणात एकाच्या कानावर स्टंप मारला, त्याला एका कानाने ऐकू यायचं बंद झालं. निरीक्षणगृहात २२ दिवस होतो. त्या २२ दिवसात मी तीन गोष्टी शिकलो, बिडी ओढायला, कुलूप कसं उघडतात ते, आणि रडलं की मार पडतो. माझ्याबरोबर एक ११ वर्षांचा होता, रात्री अंथरुणात करायचा, त्याला आम्हीच त्रास दिला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

नंतर मंडळाने मला सहा महिने परिविक्षा दिली आणि रविवारी वृद्धाश्रमात काम. तिथं एक आजोबा होते, पंखे दुरुस्त करायचे पूर्वी, त्यांनी मला वायंडिंग शिकवलं, आज माझं पोट त्याच्यावर आहे. तेवढं माझ्या बाबतीत चांगलं झालं आणि मी ते विसरत नाही.

पण एक राहिलं. त्या पोराशी माझी कधी गाठच घालून दिली नाही. वडिलांनी त्याच्या वडिलांना दवाखान्याचे पैसे दिले, मोठ्यांनी मोठ्यांशी मिटवलं. १५ वर्षांवर झाली, तो आमच्याच भागात राहतो, रस्त्यात दिसला की मी गाडी वळवतो. त्याच्या लग्नाला सगळी गल्ली गेली, मी नाही गेलो. काय तोंडाने जाऊ? त्या वेळी कोणी बसवलं असतं आणि तो मला काहीही बोलला असता, मारलं असतं तरी चाललं असतं मला. तुम्ही काय बोलायचं विचारता, तुम्ही त्या काकूंचं सांगा. तुमच्या नुकसानीचं नका सांगू, पैसे भरून दिले की संपलं असं पोरांना वाटतं, मलाही वाटायचं. काकू पायरीवर बसल्या ते सांगा.

ऑकलंडची_कोल्हापूरकरीण:
मी इथं न्यूझीलंडमध्ये आहे १४ वर्षं, आमची डेअरी आहे, म्हणजे इथं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात. २०२२ ला चार पोरांनी चोरलेली गाडी थेट आमच्या दारातून आत घातली, त्या वर्षी हे प्रकार इथं फार झाले. काचा, सिगरेटी, लॉटरीचं मशीन सगळं गेलं. माझे मिस्टर दोन महिने दुकानात एकटे थांबायला घाबरत होते.

इथं १९८९ च्या कायद्याने फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स म्हणून पद्धत आहे. त्याच्या थोडं आधी माओरी म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या म्हणण्यावर एक मोठा सरकारी अहवाल आला होता, त्यांची पोरं घरापासून तोडून होममध्ये टाकत होते आणि त्यांची जुनी रीत म्हणजे सगळं गणगोत बसून ठरवायचं, ती कायद्याला माहीतच नव्हती. त्यातनं हे आलं. मुलगा आरोप नाकारत नसेल तर कोर्टाने काही ठरवायच्या आधी ही बैठक होते, आणि आम्हाला, ज्यांचं नुकसान झालं त्यांना, बोलवतात. एक कोऑर्डिनेटर बाई घरी फोन करून विचारते कुठं बसायचं, कोणाला बरोबर आणणार, समोर बसायला नको असेल तर पत्र पाठवा.

आम्ही गेलो. खोलीत १५ जण, पोराची आजी, मामा, पोलिसांतले यूथवाले, पोराचा वकील. सुरुवातीला माओरीत प्रार्थना. मी पण घाबरले होते बोलायला, मिस्टरांनी फक्त एवढं सांगितलं की रात्री दार वाजलं की माझी मुलगी पलंगाखाली जाते. आजी रडायला लागली. मग नातेवाइकांना एकटं बसायला वेळ दिला आणि त्यांनीच प्लॅन आणला, त्यात आमच्या दुकानाला रंग देणं पण होतं, ते आम्ही नको म्हटलं कारण मुलीला तो दुकानात नको होता, मग ते तास दुसरीकडे. प्लॅन पूर्ण केला तर कोर्ट अशी सुटका देऊ शकतं की जणू आरोप ठेवलाच नव्हता.

सगळं गोड झालं असं नाही. चारातला एक बैठकीला आलाच नाही आणि एकाने पुन्हा गाडी चोरली. पण दोन पोरं शाळेत परत गेली आणि माझ्या मिस्टरांना झोप यायला लागली ती त्या बैठकीनंतर. पोरगं समोर बघितलं तर ते घाबरलेलं १५ वर्षांचं लेकरू होतं, स्वप्नात येणारा राक्षस नव्हता. पुणेकर दादा, ज्याचं गेलं त्याला काय मिळालं विचारलंत ना, आम्हाला हे मिळालं. माणूस गेलेल्यांना यानं पुरेल असं मी म्हणणार नाही.

पुणेकर_बाप:
ताई, वाचलं सगळं. माझं मत पूर्ण बदललं नाही, जीव गेलेल्या केसला हे लावू नये असंच मला वाटतं. पण दुकानदार दादांच्या केसमध्ये मी असतो तर बसलो असतो.

मोबाईल_दुकानदार:
मंडळी, साडेतीन महिन्यांनी येतोय. उशीर झाला, माफ करा.

अर्ज दिला होता. पहिल्या तारखेला कोणी विचारलं नाही, फाईल पुढं गेली. दुसऱ्या तारखेला मंडळावरच्या एका मॅडमनी अर्ज वाचला आणि परिविक्षा अधिकाऱ्यांना सांगितलं की बघा जमतंय का. ते साहेब दोनदा माझ्या दुकानात येऊन बसले, एकदा काकूंकडे गेले. पोरांशी वेगळं बोलले. तिघांनी कबूल केलं होतं. दोघं यायला तयार झाले, पैशेवाल्यांच्या पोराला वडिलांनी पाठवलं नाही.

ऑर्डर झाली ती इथं सगळी लिहीत नाही, ताईंनी सांगितलंय म्हणून. पालकांच्या हमीवर परिविक्षा आणि रविवारी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर मदत, म्हाताऱ्यांना नंबर काढून द्यायचे, एक्सरेच्या खोलीपर्यंत सोडायचं. तिघांना सारखंच.

बैठक साहेबांच्या छोट्या खोलीत झाली. मी काय बोललो मला नीट आठवत नाही, दुकानाचं बोललो, आणि त्या पोराला विचारलं की मी तुला फुकट स्क्रीनगार्ड लावून देत होतो तेव्हा तू कुलूप बघत होतास का. तो नाही म्हणाला, कुलूप नंतर सुचलं म्हणाला, मग खाली बघत बसला. गवंडीदादा दाराजवळ उभेच राहिले, तीनदा बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

काकू आल्या होत्या. मला वाटलं रडतील. त्यांनी पिशवीतून फोन काढला, मंडळाकडे अर्ज करून परत मिळालाय तो, आणि टेबलावर ठेवला. मग त्या पोराला एकच विचारलं, रिसेट मारायच्या आधी तू ते मेसेज ऐकलेस का रे.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, एक ऐकला.

काकू म्हणाल्या, काय म्हणत होते ते? सांग मला.

त्याने आठवून आठवून सांगितलं. औषधाच्या गोळ्यांचं काहीतरी होतं, आणि गॅसचं बिल भर म्हणून. काकूंनी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.